ओव्हाळ मॅडमचा तिसरा क्रेट

ओव्हाळ मॅडम चालू कॉम्प्युटरमध्ये हात घालायच्या. आम्ही पडद्यावर आलेख काढून कुठं काय अडलंय ते शोधत बसलेलो असायचो. तेवढ्यात त्या बाजूचं झाकण काढायच्या, तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा तसा ग्राफिक्स कार्डाच्या पाठीला तळहात लावायच्या, जरा थांबायच्या आणि म्हणायच्या, "हा रिकामा बसलाय." मग प्रोसेसरच्या पंख्याकडे कान नेऊन म्हणायच्या, "आणि ह्याचा जीव चाललाय." निदान संपलं. आमचे आलेख अर्ध्या तासाने त्याच निष्कर्षावर यायचे, फक्त ते रंगीत असायचे.

आमची कंपनी तळवड्याला होती. आयटी पार्कचा पत्ता सांगता येईल पण आयटी पार्कचं भाडं द्यावं लागणार नाही, इतक्या बेताच्या अंतरावर. पत्र्याची शेड, वर पोटमाळा, पोटमाळ्यावर आम्ही सहा जण. गाड्यांचे सुटे भाग कॅमेऱ्याने तपासणारी यंत्रं आम्ही बनवायचो. मालक बाळासाहेब हे जुन्या गावातल्या शेतकरी घरातले. जमिनी गेल्या, पैसे आले, तेव्हा त्यांच्या भावांनी मंगल कार्यालयं काढली आणि ह्यांनी कॅमेऱ्यांची कंपनी काढली. का काढली, ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. मी एका मोठ्या आयटी कंपनीत सात वर्षं काढून इथं आलो होतो आणि आपण ह्या लोकांवर उपकार केले आहेत अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

मॅडम पन्नाशीच्या. राहायला दिघीला. आई-वडील दोघंही कारखान्यात. स्वतः एकोणिसाव्या वर्षी भोसरीतल्या एका कंपनीत तपासणीच्या टेबलावर लागल्या. लांबलचक टेबल, वर ट्यूबलाइटची रांग, दोन्ही बाजूंना बायका. प्रत्येकीने समोरचा पीस उचलायचा, उजेडात फिरवून बघायचा, चांगला असेल तर हिरव्या क्रेटमध्ये, खराब असेल तर लाल क्रेटमध्ये टाकायचा. आठ तास. अशी आठ वर्षं. मग संध्याकाळच्या वर्गात जाऊन डिप्लोमा, मग क्वालिटी डिपार्टमेंट, आणि तिथून कॉम्प्युटर. लोक आपल्या कॉलेजबद्दल बोलतात त्या सुरात मॅडम त्या टेबलाबद्दल बोलायच्या. आणि आमच्याकडे त्यांना पगार मिळत होता तो तसलीच टेबलं उठवणारं यंत्र बनवण्याचा. ही गोष्ट त्यांना आमच्या सगळ्यांच्या आधी कळलेली होती. त्या ती बोलून दाखवत नसत, पण लपवतही नसत.

त्या सगळ्यांना 'सर' म्हणायच्या. बाळासाहेबांना तेवढं शेठ. बाकी मला सर, वॉचमनला सर, पाण्याचे जार टाकणाऱ्यालाही सर. रविवारी विहारात मुलांना गणित शिकवायच्या. तिथं आठवीतल्या मुलांनाही सरच म्हणत असाव्यात. कुठंही काही बिघडलं की त्यांचा पहिला प्रश्न "काय झालं?" असा नसायचा. त्या विचारायच्या, "कोण थांबलंय?" बँकेत, झेरॉक्सच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हाच प्रश्न. एकदा आम्ही दोघं टपरीवर चहाला उभे होतो. समोर आठ गिऱ्हाइकं आणि आत तीन माणसं. मॅडम म्हणाल्या, "सर, चहा तयार आहे, कप तयार आहेत, माणसं तयार आहेत. गाळणी एकच आहे." दुसऱ्या दिवशी घरून एक गाळणी आणून त्यांनी टपरीवाल्याला दिली. त्याने ती खिळ्याला टांगून ठेवली आणि चहा पूर्वीसारखाच गाळत राहिला. मॅडमना त्याचं काही वाटलं नाही. आपलं काम गाळणी देण्यापर्यंतच होतं, असं त्या म्हणाल्या.

त्यांच्या घरी मी एकदाच गेलो. त्यांचे यजमान चहा करत होते. मी "काका, बरं आहे ना?" असं विचारल्याबरोबर त्यांनी आधी गॅस बंद केला, माझ्याकडे वळले, "हो, बरं आहे" म्हणाले, आणि मग पुन्हा गॅस पेटवला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आमचे हे प्रोसेसर आहेत. एका वेळी एकच काम, पण चोख. मुली म्हणजे कार्ड. दोघी मिळून एकच काम करतात, मोबाइल बघायचं, पण वेग बघा." मी हसून विचारलं, "आणि मी?" त्यांनी जरा विचार केला. "तुम्ही फॅन आहात, निलेश सर. गरज असते. आवाज जास्त." काकांनी मान डोलावली आणि त्यासाठी पुन्हा गॅस बंद केला.

प्रोसेसर आणि कार्ड ह्यांच्यात कामाची वाटणी कशी होते, हे मी इंजिनिअरिंगला शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. ते मला कळलं मात्र मॅडमनी ते बाळासाहेबांना समजावलं तेव्हा. झालं असं की आमचं यंत्र संथ चालत होतं. बाळासाहेबांनी कुणाला न विचारता आहे त्याच्या दुप्पट किमतीचं दुसरं कार्ड आणलं, त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पोटमाळ्यावर पाठवून दिलं. मॅडमनी जुन्या कार्डाला हात लावला.

"शेठ, हे थंड आहे. म्हणजे जे आहे तेच रिकामं बसलंय."

"रिकामं? आन् मशीन का रखडतीय मंग?"

"प्रोसेसरमुळे. प्रोसेसर म्हणजे हुशार माणसं, पण मोजकी. आठ-दहा. त्यांना कसलंही काम सांगा, जमतं. हे झालं तर ते करा, ते नसेल तर मला विचारा, सगळं जमतं. कार्ड म्हणजे हजारो माणसं, साधी. सगळ्यांनी एकाच वेळी एकसारखंच काम करायचं असेल तर त्यांच्यापुढे कोणी टिकत नाही. आपल्याकडे काय होतंय, फोटो आला की प्रोसेसर तो कापतो, सारखा करतो आणि मग एकेक करून कार्डाला देतो. तोवर हजार माणसं बसून."

बाळासाहेबांनी नव्या कार्डाच्या खोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हंजी भाताची लावनी."

"कशी, शेठ?"

"खाचरात बायांची रांग उभी हाय लावायला. आन् रोपं आनून देनारा गडी येकच."

"हो. आणि तुम्ही गडी तोच ठेवलात, बाया दुप्पट आणल्यात."

"मंग बाया बांधावर बसनार."

"बसल्यात, शेठ."

 मॅडमनी फोटो कापायचं, सारखे करायचं सगळं एकसुरी काम काढून कार्डाकडे दिलं आणि प्रोसेसरकडे फक्त निर्णय ठेवला: पीस चांगला की खराब, ढकलायचा की जाऊ द्यायचा. यंत्र पळायला लागलं. नवं कार्ड खोक्यातच राहिलं. त्यावरचं हळदकुंकू कोणी पुसलं नाही.

ह्या यशात आपलाही हात असावा म्हणून मी एक सुधारणा केली. कार्डाला घास मोठा दिला तर ते जास्त वेगाने काम उरकतं, हे मला माहीत होतं. म्हणून एकदम चौसष्ट फोटो साठवून मग पाठवायचे, असं मी करून ठेवलं. वेगाचा आकडा असा काही वाढला की मी तो छापून भिंतीवर लावला. दुपारी आमच्या चाचणीच्या पट्ट्यावर पीस सोडले. यंत्र धडाधड चांगले पीस लाल क्रेटमध्ये ढकलू लागलं आणि खराब पीस ऐटीत हिरव्यात जाऊन पडू लागले. मी कॅमेऱ्याला दोष दिला, पट्ट्याला दिला, विजेलाही दिला.

मॅडम पट्ट्याशेजारी नुसत्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, तुमचं उत्तर बरोबर आहे. पीस दुसरा आहे."

चौसष्ट फोटो जमेपर्यंत पहिला पीस पुढे निघून गेलेला असायचा. त्याचा निकाल लागायचा तेव्हा ढकलणाऱ्या दांड्यासमोर दुसराच कोणीतरी निरपराध उभा. मॅडमनी घास लहान केला. एका पीसच्या सहा बाजू, सहा फोटो, तेवढाच. भिंतीवरचा माझा कागद त्यांनी काढला नाही. तो महिनाभर तिथंच होता आणि शेवटी मीच काढला.

मग कुरुळीचं काम आलं. चाकणच्या पट्ट्यात एक कारखाना होता, स्कूटरच्या ब्रेकमधला अॅल्युमिनियमचा एक भाग ओतून बनवायचा. ओतकामात बारीक छिद्रं राहतात, कधी केसाएवढी चीर पडते. असा पीस ब्रेकमध्ये गेला तर पुढे काय, ते सांगायला नको. ते बघायला तिथं एक टेबल होतं. त्या टेबलावर बारा बायका, सगळ्या ठेकेदाराकडून लागलेल्या. बऱ्याचशा मराठवाड्यातून आलेल्या, कुरुळीतच खोल्या करून राहणाऱ्या. आमचं यंत्र चाचणीत पास झालं तर टेबल उठणार होतं. कारखान्याच्या क्वालिटी मॅनेजरने त्यांना सांगितलं होतं की यंत्र त्यांच्या मदतीला येतंय. मॅडम पहिल्याच दिवशी टेबलापाशी गेल्या, एक स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मदतीला नाही येत. ही मशीन चालली तर हे टेबल राहणार नाही. मीच बनवलीय. मीही अशाच टेबलावर होते. तुम्हाला माझ्याकडून कळलेलं बरं."

 बायकांत थोरल्या होत्या त्या सुरेखाताई, पंचेचाळिशीच्या, डोळ्यांनी घारीसारख्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण्या टेबलावर होता म्हणे?"

"भोसरीला. आठ वर्षं."

"मग जेवायला बसा आमच्यात," सुरेखाताई म्हणाल्या. त्या विषयावर त्या दिवशी एवढंच बोलणं झालं.

यंत्र बसवायला तीन आठवडे लागले. मॅडम रोज टेबलावरच जेवायच्या. डबे उघडायचे, शेंगदाण्याची चटणी इकडून तिकडे जायची, ज्वारीच्या भाकरीचे तुकडे व्हायचे. मधूनच मॅडम एखादा पीस उचलून म्हणायच्या, "ताई, हा का टाकला?" सुरेखाताई तो उजेडात तिरका धरून दाखवायच्या. मला कधीच काही दिसलं नाही. मी दिसल्यासारखी मान हलवायचो.

चाचणीचा दिवस आला. बाळासाहेब सफारी घालून आले. सकाळी आठला पट्टा सुरू झाला आणि यंत्र जे चाललं ते चालतच राहिलं. कुठं अडलं नाही, कुठं थांबलं नाही. संध्याकाळपर्यंत दिवसभराचा सगळा माल तपासून झाला. मॅनेजरने स्वतः काही पीस उचलून तपासले, सगळे चांगले. त्याने पेढे मागवले. बाळासाहेबांनी सगळ्यांशी हात मिळवले, एकाशी चुकून दोनदा. मी घरी फोन करून सांगितलं. एकट्या मॅडमच तेवढ्या यंत्रासमोर बसून होत्या.

"काय झालं, मॅडम?"

"लाल क्रेट बघा, निलेश सर."

लाल क्रेट रिकामा होता.

"म्हणजे मालच चांगला होता," मी म्हणालो.

"अख्ख्या दिवसाचं ओतकाम आणि एक छिद्र नाही? असलं ओतकाम मी आयुष्यात पाहिलेलं नाही. प्रोसेसरला आज एकही निर्णय घ्यावा लागला नाही. सुट्टीच होती त्याला."

त्या उठल्या आणि टेबलापाशी गेल्या. मीही मागून गेलो. बायका निघायच्या तयारीत होत्या. मॅडमनी काही विचारायच्या आतच सुरेखाताई हसल्या. "झाली ना पास?"

"तुम्ही काय केलंत, ताई?"

काय केलं होतं ते त्यांनी अभिमानाने सांगितलं. बाराही जणी चार दिवस रोज शिफ्टच्या दोन तास आधी येत होत्या. चाचणीला ठेवलेला सगळा माल त्यांनी हाताने तपासला, छिद्रवाले आणि चिरलेले पीस निवडून मागे नेऊन ठेवले आणि निवडलेला, स्वच्छ माल पट्ट्यापाशी लावून ठेवला.

मॅडम खाली बसल्या. "अहो, मी सांगितलं होतं ना? ही पास झाली तर तुमचं काम जातंय."

"ठाऊक हाय की."

"मग?"

"ते नंतरचं झालं," सुरेखाताई म्हणाल्या. "तुम्ही तीन हप्ते आमच्यात जेवलात. आपल्या माणसाची मशीन चार लोकांत पहिल्याच दिवशी नापास झाली असती, तर आमाला बरं वाटलं असतं का? आलेल्या माणसाला असं मोकळ्या हातानं लावून देतेत का कुणी?"

बाकीच्या अकरा जणींनी माना डोलावल्या. त्यांना ह्यात वेगळं काही केल्यासारखं वाटतच नव्हतं. मॅडमनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढून पुसला. मी मॅडमना रडताना पाहिलं ते तेवढंच, आणि ते रडणं होतं की चष्मा खरंच खराब होता, हे मी विचारलं नाही.

तिथून त्या तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या. पेढ्याचा बॉक्स अजून उघडाच होता. "आजची चाचणी रद्द करा," त्या म्हणाल्या. "आपल्याला न निवडलेला माल हवा होता. पट्ट्यावर गेला तो आधी निवडलेला होता. मी विचारून घ्यायला हवं होतं. चूक माझी."

"कोणी निवडला?" मॅनेजरने विचारलं.

"चूक माझी, सर," मॅडम पुन्हा तेच म्हणाल्या.

बाळासाहेबांच्या हातात अर्धा पेढा होता. तो त्यांनी सावकाश बॉक्समध्ये परत ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाले, "मॅडम, आवो पास झालेलं पोरगं कोन परत परीक्षेला बसवतंय व्हय?"

"ब्रेकमध्ये जातो तो पीस, शेठ."

बाळासाहेबांचा धाकटा मुलगा त्याच वर्षी स्कूटर चालवायला लागला होता. ते मान हलवून गाडीकडे निघाले.

दुसरी चाचणी न निवडलेल्या मालावर झाली. पहिला तासभर यंत्र पळालं, मग अडखळायला लागलं. चांगला पीस दिसला की काम झटक्यात व्हायचं. उघड खराब असला तरीही. पण काही पीस असे यायचे की कार्ड आपला आकडा देऊन मोकळं व्हायचं, आणि तो आकडा धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. मग प्रोसेसरला बसावं लागायचं. कॅमेऱ्याकडून दुसरा फोटो माग, उजेड तिरका कर, मोठं करून बघ, आधीच्यांशी ताडून बघ, एकातून दुसरं. हे काम हजार जणांत वाटता येत नाही. तेवढा वेळ पट्टा उभा, आणि मागे पीसांची रांग लागायची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ठरलेल्या मालाच्या निम्माही झाला नव्हता.

"मोठं कार्ड लावा," मॅनेजर म्हणाला.

"आमच्याकडं हाय येक," बाळासाहेब उत्साहाने म्हणाले. मग त्यांना बांधावर बसलेल्या बाया आठवल्या असाव्यात, कारण ते लगेच खोकले.

मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. त्यावर तीन क्रेट काढलेले होते. हिरवा, लाल आणि मध्ये एक पिवळा. "मशीनने अडून बसायचंच नाही. कार्डाला जमतं ते कार्ड करेल, प्रोसेसरला पटकन ठरवता येतं ते प्रोसेसर ठरवेल. ज्यात शंका आहे तो पीस पिवळ्यात. पट्टा थांबणार नाही."

"आणि पिवळा कोण बघणार?"

"टेबल."

"मग मशीन कशाला घ्यायची आम्ही?"

"सर, बहुतेक सगळा माल मशीन बघेल. ह्या मोजक्या पीसना डोकं लागतं. ती डोकी त्या टेबलावर आहेत आणि कामावर आधीच लागलेली आहेत."

दोन दिवस चर्चा चालली. शेवटी पिवळा क्रेट मंजूर झाला, आणि त्यासाठी टेबलावर पाच खुर्च्या. मॅनेजरने मॅडमना पाच नावं द्यायला सांगितली. त्या म्हणाल्या, नावं मी देणार नाही. मी मनात म्हटलं, आता भांडणं होणार. टेबलावर ही गोष्ट कळली तेव्हा बायकांनी चहाच्या सुट्टीत, चहा थंड व्हायच्या आत, ठरवून टाकलं. कोणी जायचं नाही. बारा जणींनी पाच खुर्च्यांवर पाळीपाळीने बसायचं. दिवस कमी भरतील, पण सगळ्यांचे भरतील. ज्या दोघींच्या घरी दुसरं कोणी कमावतं नव्हतं, त्यांना दोन पाळ्या जास्त. कागदावर काही लिहिलं नाही. प्रोसेसरसुद्धा बारा कामं पाच जागांवर अशीच फिरवतो, पण त्यासाठी माणसांनी वर्षानुवर्षं डोकं खपवलेलं आहे.

ठेकेदार अडून बसला. गेटपास पाच म्हणजे पाच, बारा माणसांची हजेरी कोण सांभाळणार? तो बाळासाहेबांचा साडू निघाला. बाळासाहेब म्हणाले, "त्याचं मी बघतो, त्यो लई शाना हाय." त्यांनी काय बघितलं ते कळलं नाही, पण त्या आठवड्यात बारा पास निघाले. मॅडमनी तोपर्यंत चाचणीच्या अहवालावर सही केली नव्हती. पास निघाल्यावर केली.

पिवळा क्रेट सुरू झाला त्या दिवशी पहिला पीस मॅडमनीच उचलला. उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. त्यांना ठरवता येईना. सुरेखाताईंनी तो त्यांच्या हातातून घेतला, एकदा तिरका केला आणि लाल क्रेटमध्ये टाकला. "चीर हाय. मॅडम, तुमचं टेबल सुटलं ते सुटलंच." सगळ्या हसल्या, मॅडम सगळ्यात जास्त. हसणं थांबल्यावर सुरेखाताईंनी कॅमेऱ्यांकडे बोट दाखवून विचारलं, "आमी काय ठरिवतो ते बघून ही शिकती का?"

"शिकवली तर शिकते."

"आन् शिकली म्हंजी पिवळा बी तीच बघणार."

"हो. हळूहळू."

"मग शिकवू नका की," सुरेखाताई म्हणाल्या. आमटीत मीठ जरा कमी टाका, असं सांगावं तशा सहज. मॅडमनी पुढचा पीस उचलून त्यांच्या हातात दिला.

दोन महिन्यांनी बाळासाहेब आम्हाला घेऊन कुरुळीला आले. यंत्र छान चाललं होतं, चाकणमधून आणखी चार कारखान्यांनी विचारणा केली होती. पण त्यांना दोनच क्रेट हवे होते. बाळासाहेबांच्या मनात कल्पना आली होती आणि ती अगदी बरोबर होती, हेच वाईट होतं. "मॅडम, ह्या बाया पिवळ्यातलं जे ठरवत्यात ते सगळं टिपून घ्या. वर येक कॅमेरा लावा. कार्ड रिकामं असंल तवा त्याला शिकवत ऱ्हावा. वरीसभरात पिवळा क्रेटच ऱ्हानार न्हाई."

टेबल आमच्यापासून दहा पावलांवर होतं. पाच जणी काम करत होत्या. त्या ऐकत नव्हत्या असं म्हणता येणार नाही.

मॅडम म्हणाल्या, "होणार नाही, शेठ. टिपून ठेवायचं, लावून ठेवायचं काम प्रोसेसरचं. प्रोसेसरला जागा नाही. आणखी एक काम दिलं तर पट्टा अडेल."

हे मॅडम सांगत होत्या. ज्यांनी पास झालेलं यंत्र नापास करून घेतलं होतं त्या मॅडम. बाळासाहेबांना ते पटलं, पण मन मानेना. ते माझ्याकडे वळले. "काय इंजिनेर, खरंच जागा न्हाई? तू बघून सांग राव."

मी पडद्याकडे पाहिलं. प्रोसेसर निम्म्याहून जास्त रिकामा होता. आकडा समोर हिरव्या रंगात दिसत होता, माझ्यासारख्या माणसालाही कळेल असा. बाजूला मॅडम आपल्या डब्याच्या पिशवीचा बंद नीट करत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मला खूण केली नाही. त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली, कारण बाळासाहेब माझ्या खांद्यावरून वाकायच्या बेतात होते.

"नाही, शेठ," मी म्हणालो. "अजिबात जागा नाही."

बाळासाहेब सरळ झाले. "मंग ऱ्हावंदे," ते म्हणाले आणि ठेकेदाराला भेटायला निघून गेले. टेबलावर एक पीस हिरव्यात पडल्याचा आवाज आला, मग एक लाल क्रेटमध्ये.

परतीच्या वाटेवर कंपनीच्या गाडीत मॅडम पुढच्या सीटवर होत्या, मी मागे. मोशी गेलं, भोसरी गेली. मला पुढच्या महिन्यात दुसरी नोकरी लागणार होती आणि मी ते अजून कोणालाही सांगितलेलं नव्हतं. पुढे मॅडम रजेवर गेल्या, मी नोकरी सोडून गेलो, आणि त्यांची भेट राहूनच गेली. तेव्हा हे शेवटचं आहे हे मला माहीत नव्हतं. दिघीला गाडी थांबली. मॅडम उतरल्या, पिशवी खांद्याला लावली आणि माझ्या खिडकीपाशी आल्या. मी काच खाली केली.

"निलेश सर," त्या म्हणाल्या, "खोटं बोलताना पडद्याकडे बघायचं नसतं. समोरच्यालाही बघावंसं वाटतं."

मग त्यांनी आपल्या बाजूचं दार लावलं, नीट लागलं का ते एकदा ओढून पाहिलं, आणि त्या गल्लीत शिरल्या.